शब्दावर आलेल्या मुली

सीमाभागातल्या औरादच्या आमच्या कलाकेंद्रात मुलीला घ्यायचं तर रीतसर फॉर्म आहे. मराठी, कन्नड आणि उर्दूत छापलेला, खाली पालकांच्या सहीला जागा. हा फॉर्म आजवर एकाही आईने वाचलेला मला माहीत नाही. त्या कागद बाजूला ठेवतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "तुमी हाव ना?" मी "हाय" म्हणते आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी येऊ लागते. अकरा वर्षं झाली, आमची संस्था माझ्या या एका शब्दावर चालली आहे.

संस्था म्हणजे आम्ही तिघं. सर सरकारी शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी हे सुरू केलं. अक्का भालकीच्या, गाणं शिकवतात, एरवी कन्नड बोलतात आणि रागावल्या की मराठी. मी नाटक आणि रंगकाम बघते. कापसाच्या एका जुन्या गोदामातल्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्यात. शाळा सुटल्यावर आणि शनिवारी-रविवारी आसपासच्या गावांतून पंचवीसेक मुली येतात, चित्रं काढतात, गाणी म्हणतात, वर्षातून एक नाटक बसवतात. नाटकात मुली फार मोठमोठं बोलतात. उंबरा ओलांडा, रस्त्यावर या, असलं. ते संवाद मीच लिहिलेले असतात.

पहिल्या वर्षी आम्ही मुली मागायला घरोघर गेलो तेव्हा सगळीकडे सरच बोलायचे. कलेने व्यक्तिमत्त्व कसं घडतं यावर त्यांचं एक भाषण होतं, पाऊण तासाचं. एका घरी एक बाई तूर निवडत बसली होती. तिने ते सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "ते समदं बरं हाय. पर पोरगी कुणाच्या भरवशावर धाडू?" सर अडखळले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. मी म्हणाले, "मी हाय की." झालं. त्या गावातून पाच मुली आल्या. परतताना जीपमध्ये सर लहान मुलासारखे खूश झाले होते, आणि खरं सांगायचं तर मीही. कुणीतरी आपल्या भरवशावर काहीतरी सोपवतंय, याचं तेव्हा मला केवढं अप्रूप होतं. पुढे पुढे सरांनी भाषण सोडूनच दिलं. घरात शिरले की खुर्चीवर बसायचे आणि नुसतं माझ्याकडे बोट दाखवायचे.

मधे एकदा बेंगळुरूहून एक बाई आम्हा संस्थावाल्यांना शिकवायला आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, संस्था कधीही एका व्यक्तीवर उभी राहू नये. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन कमलनगरकडच्या एका गावाला गेले, नव्या मुली आणायला.

यात आपण सापडलोय हे मला कळलं ते माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं तेव्हा. पाहुणे येऊन गेले. ही बातमी बाजारच्या दिवशी गावोगाव पोचली आणि त्या शनिवारी चार मुली आल्याच नाहीत. त्यांच्या आयांनी निरोप धाडला होता, ताई आता जायल्यात म्हणे. रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. लग्नाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चहा प्यायले, उन्हाळा फार आहे म्हणाले आणि उठून गेले. ते स्थळ नंतर आपोआपच मोडलं, त्यात सरांचा काही दोष नाही. पण चार मुली परत आल्या तेव्हा मला आनंद झाला की राग आला हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात लातूरजवळच्या एका निवासी शाळेचं पत्र आलं. त्यांना चित्रकला आणि नाट्य शिकवणारी शिक्षिका हवी होती आणि त्यांनी मला निवडलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं. राहायला एक खोली मिळणार होती. लोकांना हे छोटं वाटेल, पण मी त्या खोलीचाच विचार करत राहिले. आमच्या घरी भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आई. केंद्रात सरांची कपाटं आणि मुलींचे पडदे. सहा वर्षांत मी स्वतःचं म्हणून एक चित्र काढलेलं नाही. दार लावून घ्यायचं आणि कुणी हाक मारणार नाही, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मला इतकं पाहिजे होतं की पत्र उशाखाली घेऊन मी झोपत असे.

सरांना सांगितलं. ते ब्रश धूत होते, धूतच राहिले. मग म्हणाले, "जा. तू जायलाच पाहिजे." मला रडू आलं. डोळे पुसून होतात न होतात तोच ते पुढे म्हणाले, "फक्त ज्या घरांतून मुली आणल्यास त्या घरांत स्वतः सांगून ये. माझ्या तोंडून ऐकलं तर एक पोरगी यायची नाही."

अक्का त्यांच्या कन्नडात म्हणाल्या, "जा गं. सर दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवतील. मी येते तुझ्यासंगं. तू माझं नाव सांग, मी शब्द देते." हा तोडगा मला सोपा वाटला. माणूस बदलेल, शब्द राहील. आम्ही दोघी निघालो.

पहिल्या घरी मी धीर करून सगळं सांगितलं. आता अक्का बघतील, त्या माझ्याहून वयाने मोठ्या, माझ्याहून कडक. त्या घरच्या बाईने अक्कांना चहा दिला, पुन्हा दिला, आणि मग मला म्हणाली, "अक्का लई चांगल्या हायत. पर त्या भालकीच्या. त्यांचं घर आमाला ठाऊक न्हाई. तुमचा भाऊ, तुमची माय, समदं आमाला ठाऊक हाय." म्हणजे मी चुकले तर धरायला माझं घर होतं. अकरा वर्षं त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असं मी समजत होते. खरं तर त्यांनी मला तारण ठेवून घेतलं होतं. आम्ही उठायच्या आधीच त्या बाईने मुलीला हाक मारून सांगितलं, उद्यापासून जायचं नाही.

दुसऱ्या घरी माझी जीभच उचलेना. हे कुटुंब बौद्ध, वडील वीजखात्यात लाइनमन, मुलगी हलगी उत्तम वाजवते. त्यांनी आग्रहाने बसवलं, मुलीचं कौतुक सांगितलं, आणि शेजारच्या घरातली त्यांच्या भावाची मुलगी बोलावून माझ्यासमोर उभी केली. हिलाही घ्या म्हणाले. तुमी हाव म्हणल्यावर आमाला काय काळजी. मी मान हलवली. बाहेर आल्यावर अक्का भडकल्या, म्हणजे मराठीत बोलल्या. "सोडायला आलीस का धरायला? जायलेय म्हणून कामून सांगितलं न्हाईस?" मला स्वतःची लाज वाटत होती.

तिसरं घर आमच्या सगळ्यात मोठ्या मुलीचं. ती अठरा वर्षांची, सात वर्षं केंद्रात आलेली, नाटकांचे पडदे तीच रंगवते. तिची पीयूसी, म्हणजे बारावी, झाली होती आणि कलबुर्गीच्या चित्रकला महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला होता. वडील हैदराबादला बांधकामावर असतात, घर आईच्या हातात. या घरी मात्र मी सांगणारच होते. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती.

आईने मला तोंड उघडू दिलं नाही. "बरं झालं आलाव. हिला जरा समजावून सांगा. कलबुर्गीला जाते मनायली. मी मनलं, ताईकडं बघ. त्या गेल्या का कुटं? हितंच ऱ्हाऊन केवढं नाव केलं."

मुलगी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मी म्हणाले, "धाडा तिला. तिचा हात चांगला हाय. हितं ऱ्हायली तर वाया जाईल."

"तुमचा गेला का वाया?"

"व्हय," मी म्हणाले. "माझा गेला."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते. आई हसली. "काईबी बोलायलाव," म्हणाली. तिला तो माझा विनय वाटला. मग तिने मुलीकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "बरं, धाडते. पर हिचा बाप तिकडं, मला फोनबी नीट लावता येत न्हाई. उद्या पोरीला काई झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ? तुमी हितं हाव ना, ताई? तुमच्या शब्दावर धाडते."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लातूरच्या शाळेचा अर्ज याच मुलीने तिच्या मोबाइलवर भरून दिला होता. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून तिनेच माझा फोटो काढला होता. पत्र आलं तेव्हा माझ्याआधी तीच नाचली होती आणि म्हणाली होती, "ताई, आता तुमी जावाच." तिला सगळं माहीत होतं. तिने नुसतं म्हणायचं होतं, आई, ताईच जायल्यात.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती पुढे आली, अक्कांना पाणी दिलं, मला पाणी दिलं आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"हाय," मी म्हणाले. "मी कुटं जायलेय?"

शाळेला मी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. अक्कांनी सरांना सांगितलं. सरांनी दोन दिवस माझ्यासमोर येणं टाळलं. पहिल्या घरची मुलगी त्याच आठवड्यात परत आली. मोठी मुलगी जूनमध्ये कलबुर्गीला गेली. तिथे ती फार छान काम करते आहे, माझ्या हातून कधी झालं नसतं असं. मला तिचा राग येतो. तिच्या जागी असते तर मीही गप्पच बसले असते, हे कळतं म्हणून जास्त येतो.

दर रविवारी तिचा फोन येतो. कशा आहात, जेवलात का, हे सगळं नंतर. आधी ती विचारते, "ताई, कुटं हाव?" पहिल्या दोन-तीनदा मला वाटलं, प्रेमाने विचारते. आता मला कळतं. मी औराद सोडलं तर तिची आई तिला दुसऱ्या दिवशी परत बोलावून घेईल.

"औरादलाच," मी सांगते. फोनवर तिने सोडलेला श्वास ऐकू येतो आणि मग ती चित्रांचं बोलायला लागते.