छत्तीसपुढे स्टार नव्हता

ज्योत्स्ना फेगडेला गप्प बस म्हटलं की ती हमखास बोलणार, हे फैजपूरच्या तिच्या माहेरी ती दहा वर्षांची असल्यापासून ठाऊक. बघायला आलेल्या पाहुण्यांना "मी नर्सिंगच करणार, पटत असेल तर चहा घ्या" असं तोंडावर सांगणारी बाई ती! जळगावातल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत तिला बावीस वर्षं झाली, पण जिभेला लगाम काही बसला नाही.

गेल्या वर्षी जैनांच्या पर्युषणातली गोष्ट. कापडवाल्या निर्मलकुमारांची मुलगी हर्षिता, वय चोवीस, लहानपणापासून इन्सुलिनवर. तिनं अठाई धरली, म्हणजे आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. अन्नच पोटात नाही तर इन्सुलिन कशाला, म्हणून घरच्यांनी तेही थांबवलं. भाबडी चूक, पण जिवावर बेतली. चौथ्या दिवशी पोरगी धापा टाकत आयसीयूत आली. रक्तात आम्ल साठलेलं, आणि त्याचा तोल सावरायला छाती भात्यासारखी चाललेली.

सकाळच्या रिपोर्टात आम्ल मारणारं बायकार्ब सात, कार्बन डायऑक्साइड वीस. एवढ्या बायकार्बला कार्बन डायऑक्साइड किती हवा, याचं नेहमीचं गणित ज्योत्स्नानं हातमोज्यांच्या खोक्यावर मांडलं. सातची दीडपट, त्यात आठ, झाले साडेअठरा. दोन इकडेतिकडे चालतात. ठीक. पोरगी जोर लावून का होईना, पुरी पडत होती.

दुपारी दोनला हर्षिताचा श्वास मंदावला, डोळे मिटले. काचेबाहेर तिची आजी सुगनबाई हात जोडून म्हणाली, "आता निवांत झोपली हो पोर."

ज्योत्स्नानं मात्र ताबडतोब नवा रिपोर्ट करून घेतला. बायकार्ब आठ, कार्बन डायऑक्साइड छत्तीस, पीएच ६.९७. बिघडलेल्या आकड्यापुढे मशीन स्टार छापतं, आणि घाईत सगळे स्टारच वाचतात. छत्तीसपुढे स्टार नव्हता.

"कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आहे, फुप्फुसं झकास," ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर हितेंद्र म्हणाले. "पीएच तेवढा पडलाय. बायकार्बची बाटली लावा."

"नाही लावणार."

"काय?"

"कसलं नॉर्मल, सर? ते धडधाकट माणसाचं नॉर्मल! हिचा वीसच्या आसपास पाहिजे. छत्तीस म्हणजे पोरगी दमली. बायकार्ब दिलं की तोच वायू आणखी तयार होणार, तो ही बाहेर कशी टाकणार? श्वासनळीत ट्यूब टाका."

"सिस्टर, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

"तुम्हीच. म्हणून तर लिहून द्या. बायकार्ब आठ असताना छत्तीस योग्य आहे असं केसपेपरवर लिहा, खाली सही करा. मग खुशाल काढा मला कामावरून. पण ही बाटली मी लावायची नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचीही नाही!"

हितेंद्रांनी रागानं पेन काढलं. दोन्ही आकडे लिहिले. पुढे 'योग्य' लिहायचं तर आधी किती हवा ते मांडणं आलं. त्यांनी समासात आठाची दीडपट केली, आठ मिळवले, वीस आले, आणि पेन थांबलं. मान वर केली तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

"ट्यूबची तयारी करा," एवढंच ते म्हणाले. तयारी तिनं केव्हाच करून ठेवली होती.

व्हेंटिलेटरचा वेग चढा ठेवला, इन्सुलिन ती आल्यापासून चालू होतंच. तिसऱ्या दिवशी हर्षिताची नळी निघाली आणि घोगऱ्या आवाजात तिनं पाणी मागितलं.

त्याच दिवशी मेट्रननं ज्योत्स्नाला बोलावून घेतलं. सगळ्यांदेखत डॉक्टरांचा आदेश मोडला, आता शिस्त म्हणून माफीनामा पाहिजे. "दोन ओळी लिही गं बाई आणि विषय मिटव. पोरगी वाचली ना?"

ज्योत्स्नानं कागद पुढे ओढला आणि उभ्यानंच लिहिलं:

'माफी मागणार नाही.

पुन्हा असा रिपोर्ट आला तर पुन्हा हेच करीन.'

खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. "झाल्या दोन ओळी," म्हणाली, आणि ड्यूटीवर गेली.