गुरूचा तांबडा डाग आणि हिरवं पातळ

आईचा एकच फोटो आहे, कृष्णधवल. तिच्या अंगावरच्या पातळाचा रंग मला माहीत नाही. मी तीन वर्षांची असताना ती गेली. तो रंग सांगू शकेल असं माणूस आता एकच उरलं आहे: आबा, माझे वडील. वय ब्याऐंशी, मुक्काम धुळे.

आबांचा तिथे फोटो स्टुडिओ होता. घरातलं कुणी गेलं की लोक त्या माणसाचा कृष्णधवल फोटो घेऊन यायचे. आबा तो मोठा करून ब्रशने रंगवायचे, मग तो हार घालून भिंतीवर लागायचा. बाईचा फोटो असला की आधी विचारायचे, "पातळ कोणतं होतं?" लेक एक सांगायची, सून दुसरं. एकमत झालं नाही की आबा हिरवं लावायचे. धुळ्यातल्या कितीतरी भिंतींवर अशा हिरव्या पातळातल्या बायका आहेत. आईचा फोटो मात्र त्यांनी रंगवला नाही.

मी जळगावात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. सुटीच्या सकाळी मेहरूण भागातल्या माझ्या घरी गुरू ग्रहाचे फोटो रंगवते. गुरूभोवती फिरणाऱ्या यानाने पाठवलेली मूळ चित्रं इंटरनेटवरून कुणालाही उतरवून घेता येतात. ती रंगीत नसतात. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकामागून एक घेतलेली ती तीन करडी चित्रं असतात. प्रत्येकाला त्याचा रंग देऊन ती एकावर एक बसवायची. मधल्या वेळात यान सरकलेलं असतं, म्हणून कडेला रंगीत झालर येते. ती जाईपर्यंत चित्रं हलवत राहायचं. मग जो गुरू दिसतो तो फिका, जास्त दुधाच्या चहासारखा. त्यावरचा तांबडा डाग मी नंतर गडद करते. बरेच जण करतात.

गेल्या दिवाळीत धुळ्याला गेले तेव्हा लॅपटॉप आबांपुढे ठेवला.

"इतला लाल शे का तो?"

"नाही आबा. मी वाढवला."

"म्हणजे तुझंबी हिरवं पातळच शे." ते मनापासून हसले.

मी आईचा फोटो त्यांच्या हातात दिला. "हिचं कोणतं होतं?"

ते फोटो घेऊन खिडकीशी गेले. "निळं," म्हणाले. मग फोटो उजेडाकडे तिरका धरला. "नाही. निळं तर तिच्या बहिणीचं. रंगवायला बसलो होतो बाई, तीनदा. ब्रश ओला करायचा अन् धुऊन ठेवायचा."

"मग हिरवंच लावायचं ना."

"हिरवं तिच्याकडे नव्हतंच. तेवढं पक्कं शे."

जळगावला परतल्यावर मी तो फोटो स्कॅन केला. एका करड्या चित्रातून रंग काढता येत नाही, तीन लागतात. बाकीची दोन कुणी घेतलीच नव्हती. तरी रविवारी गुरूची चित्रं उघडण्याआधी मी तो फोटो उघडते, पदराचा काठ मोठा करून बघते आणि बंद करते. फाइलला नाव द्यावं लागतं. खात्रीची माहिती एवढीच होती, तीच लिहिली: हिरवं नाही.