खालून हाक आली नव्हती

लिफ्टदुरुस्तीच्या कामात त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. हात सफाईदार, जीभ त्याहून. ‘जगाला वर पोचवतो, स्वतः मात्र जिन्याने,’ असं म्हणून हसवायचा. पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ‘कामावर कधीच नाही’ असं तो छातीठोकपणे सांगे. खरं तर सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातांची थरथर थांबत नसे. वर तो पेपरमिंट चघळे; बायकोला त्याचा वास यायचा. ती काही बोलत नसे.

त्याच्या हाताखाली बायकोचा धाकटा भाऊ होता. त्या दिवशी एका दवाखान्याच्या इमारतीत उस्ताद लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होता आणि मेहुणा तळच्या खड्ड्यात उतरत होता. नियम साधा: खालून ‘मोकळं’ अशी हाक आल्याशिवाय टपावरचं, डबा खाली नेणारं बटण दाबायचं नाही. उस्तादला हाक ऐकू आल्यासारखी वाटली. त्याने बटण दाबलं.

खालून किंकाळी आली. डबा गचकन थांबला.

मेहुण्याचा हात खड्ड्यातल्या लाल स्विचपर्यंत पोचला, म्हणून तो वाचला. डब्याच्या आणि त्याच्या डोक्याच्या मध्ये वीतभर जागा उरली होती. तो बाहेर आला, भिंतीला टेकून धापा टाकत बसला.

“अरे, तूच ओरडलास ना मोकळं म्हणून?” उस्ताद म्हणाला.

“दाजी, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.” मेहुण्याने मान वर केली नाही. “ताईला मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्ही वर असताना मी यापुढे खाली उतरणार नाही.”

शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं उस्तादला वाटलं.

त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद डकवलेला होता: दारू सोडायची आहे? आम्हीही त्यातूनच गेलो. खाली फोन नंबर. याआधी तिथे येता-जाता त्यानेच त्या कागदाची टिंगल केली होती. आता त्याने जिन्यात उभं राहून नंबर फिरवला, घंटा वाजताच फोन कापला, परत फिरवला.

“बोला,” पलीकडून घोगरा आवाज आला.

“कधी... म्हणजे, कधी यायचं असतं?”

“आज. संध्याकाळी.” आवाजाने एका शाळेचा पत्ता दिला. नाव विचारलं नाही.

संध्याकाळी उस्ताद शाळेत पोचला तर सांगितलेल्या वर्गाला कुलूप. व्हरांड्यात चिटपाखरू नाही. त्याला आधी राग आला आणि रागामागोमाग हायसं वाटलं. आपण आलो होतो, दारच बंद होतं, आता कोण काय बोलणार? घशाला कोरड पडली होती. अंग घामाने भिजलं होतं. शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे बार होता. तो रस्ता ओलांडून गेला. पायऱ्या चढला. दाराला हात लावला आणि खिशातला फोन वाजला.

“वर्ग बदललाय हो, मागच्या बाजूला या. पोचलात का?”

“पोचलो. समोरच आहे.”

“कशाच्या समोर?”

आतून ग्लासांचा आवाज येत होता, तो फोनमधूनही गेला असावा.

“हललात तर बघा,” आवाज म्हणाला. “आलोच.”

दार आतून कुणीतरी उघडलं, थंड हवेबरोबर तो ओळखीचा वास अंगावर आला. उस्तादने कठडा धरला. एक पाय उंबऱ्यात होता. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक जाडजूड म्हातारा, पायात घरातल्या सपाता, धापा टाकत येताना दिसला. गाड्यांना हात दाखवत, शिव्या खात तो आला आणि त्याने उस्तादचं मनगट पकडलं.

“मी कंडक्टर. जन्मभर बसमध्ये लोकांना आत ढकललंय,” तो म्हणाला. “बाहेर ओढायची वेळ पहिलीच. चला, जागा भरपूर आहे.”

वर्गात पोरांची बाकं. मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एक बाई बोलत होती: बाटली ती चपलांच्या कपाटात ठेवायची, आणि एकदा मुलीने शाळेचे बूट काढताना ती सांडली. कुणी हसलं नाही, कुणी च्‌च्‌ केलं नाही. उस्तादची पाळी आली तेव्हा तो “पुढे घ्या” एवढंच म्हणाला.

कंडक्टरच्या सांगण्यावरून तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला, कारण एकदम सोडताना अंग बिथरतं. औषधं सुरू झाली. मीटिंगा चालू राहिल्या. मधे एकदा एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीत तो घसरला आणि दुसऱ्या दिवशी तोंड लपवत मागच्या बाकावर जाऊन बसला. चपलांच्या कपाटवाल्या बाईने शेजारी सरकून जागा दिली. त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला. खड्डा, बटण, न आलेली हाक, सगळं.

घरी येऊन त्याने तेच बायकोला सांगितलं. तिच्या हातातला कपडा खाली पडला.

“माझा भाऊ,” ती म्हणाली. मग कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

मेहुणा दुसऱ्या मिस्त्रीबरोबर काम करू लागला, उस्तादच्या हाताखाली परत आला नाही. घरी येतो, जेवतो, दाजींची चेष्टा करतो. कामाचा विषय दोघंही काढत नाहीत.

परवा उस्ताद मीटिंगच्या वेळेला पाय पसरून टीव्हीसमोर बसला होता. “आज कंटाळा आलाय गं. एक दिवस नाही गेलो तर काय आभाळ कोसळणार आहे?”

बायकोने टीव्ही बंद केला आणि समोर उभी राहिली.

“तुमचं तुम्हाला माहीत,” ती म्हणाली. “मला मात्र भीती वाटते.”

तो कुरकुरत उठला, शर्ट बदलला आणि निघाला.