ऑर्डरच्या कागदावरचा कावळा

सोड्याच्या पाण्यात कोसा, म्हणजे रानातल्या रेशमाचे कोष, उकळायला लागला, की तो उग्र, ओलसर वास आरमोरीच्या आमच्या रेशीम केंद्रात भरतो आणि मला दिल्लीतलं ते आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आठवतं. आमच्या गटाच्या स्टॉलवर मी कोशाच्या साड्या छान मांडल्या होत्या, पण सोबतच्या बाईंनी मधोमध ऐनाची एक वाळकी, कोष लागलेली फांदी टांगली होती. रानात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या राखण्यातच त्यांचा जन्म गेलेला. मला त्या फांदीची लाज वाटत होती. शेवटच्या दुपारपर्यंत एकही ऑर्डर मिळाली नव्हती. तेवढ्यात जपानहून आलेली एक खरेदीदार साड्या ओलांडून थेट फांदीपाशी थांबली आणि कोषाचा देठ चाचपू लागली. दुभाष्या जेवायला गेला होता. बाई मला म्हणाल्या, "तिले इचार, तिकडं झाडावरच्या अळ्या कोन खाते?" "बाई, हे काऊन इचारता? भाव सांगू ना तिले." "तू इचार तं!" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. तिने माझ्या हातातला ऑर्डरचा कागद घेतला आणि त्यावर चोच वासलेला कावळा काढला. बाई खदखदून हसल्या, "तिथीबी कावळेच हायेत का माय!" मग दोघी हातवारे करून हवेतले कावळे हाकलत बसल्या. जाताना तिने त्याच कागदावर कोशाच्या सुताची मागणी लिहिली. आज तिचीच पाचवी ऑर्डर उकळते आहे. बाई केंद्रात नाहीत, गुलेल घेऊन ऐनाखाली राखणीला बसल्या आहेत. बाहेर कावळा ओरडला, की आता मलाच प्रश्न पडतो: तिकडं जपानात राखणीला कोण बसत असेल?