बैठकीखालची निळी सही

बंदरावर कस्टममधून माल सोडवणाऱ्या या दलालांना सगळे फुकटशेठ म्हणत. परदेशातून दान म्हणून आलेला माल ते करमाफीत, एक पैसा न घेता सोडवून देत. "दानाच्या मालावर कसली दलाली?" म्हणून खवळत.

सख्ख्या मेव्हण्याच्या संस्थेला चाळीस व्हीलचेअर आल्या, तेव्हा त्यांनी सहा आठवडे कस्टम कचेरीचे उंबरठे झिजवले. 'विकणार नाही' या हमीपत्रावर स्वतः जामीन राहिले. माल बदलला जाऊ नये म्हणून प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली निळ्या मार्करने आपली सही केली.

पुढे आईचे पाय गेले. दुकानात व्हीलचेअर घेताना त्यांनी सवयीने ती उलटी केली. खाली त्यांचीच निळी सही होती.

तिथूनच त्यांनी मेव्हण्याला फोन लावला.

"भाऊजी, आधी सांगायचं ना," तो हसत म्हणाला, "तुम्हाला स्वस्तात दिली असती!"