शिळं पाणी
सकाळी नळ उघडला आणि पावसाळ्यातला तो औषधाचा उग्र वास थेट नाकात गेला. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो, तेव्हा मी एक गोल्डफिश पाळला होता. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढायचं, ते माशाला सोसत नाही, म्हणून बादली भरून रात्रभर ठेवायचो आणि मग त्यातलं थोडं थोडं पाणी त्याच्या टाकीत घालायचो. एका संध्याकाळी कामावरून परतलो तर टाकीची काच लख्ख, खोलीभर तोच वास, आणि मासा पाण्यावर उलटा तरंगतोय. खाली एकटीच राहणारी घरमालकीण मावशी दारात उभी होती. मी गेलो की तिच्याकडच्या चावीनं दार उघडून ती दुपारभर माशाशी गप्पा मारत बसायची, हे मला तेव्हा कळलं. "पाव्हन्याला शिलं पानी कोन देतं रं?" ती म्हणाली, "सगलं फेकलं नि ताजं भरलं." मी मेलेला मासा ओंजळीत उचलून घेतला. दुसऱ्या दिवशी ती चावी माझ्या दाराच्या कडीला अडकवलेली होती. आता सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये मासा नाही, तरी आज मी बादली भरून ठेवली आहे. उद्यापर्यंत पाणी शिळं होईल. कुणीतरी न विचारता आत यावं आणि ते फेकून द्यावं, असं वाटतं.