आणखी एक वर्ष द्यावं का?

बेसबॉलचा खरा चेंडू मी आजवर हातात घेतलेला नाही. तरी गेली काही वर्षं माझा स्वतःचा एक बेसबॉलचा संघ आहे आणि त्याच्या काळजीने मला घास गिळवत नाही, असं सांगितलं तर नागावात लोक मला वेड्यात काढतील. काहींनी काढलंच आहे.

हे खूळ माझ्या धाकट्या दिराने लावलं. तो आखातात नोकरीला आहे. तिथले मित्र मिळून संगणकावर हा खेळ खेळतात. त्यात बॅट फिरवायची नसते, नुसता संघ चालवायचा असतो. कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं, कुणाचा करार वाढवायचा. खेळाडू सगळे खोटे, संगणकानेच जन्माला घातलेले. त्यांना एक भिडू कमी पडत होता. "वहिनी, तुम्ही घ्या एक संघ. पावसाळ्यात पाहुणे नसतात, करता काय बसून?" असं तो म्हणाला. पावसाळ्यात मी बसून काय करते हे त्याला इथे आणून दाखवायची फार इच्छा झाली होती. पर्यटकांना भाड्याने देतो त्या खोल्यांच्या छपराची गळती, गाद्यांची बुरशी, वाडीतला पाचोळा. पण नाही म्हणता म्हणता घेतला संघ, आणि अडकले.

माझ्या संघात एक शॉर्टस्टॉप होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहून आलेला चेंडू अडवायचा आणि लगोलग फेकायचा, हे त्याचं काम. मी संघ घेतला तेव्हापासूनचा माझा माणूस. वय छत्तीस, म्हणजे माझ्याहून लहानच, पण त्या जगात छत्तीस म्हणजे म्हातारा. त्याचा करार त्या मोसमाअखेर संपणार होता. मोसम चालू असतानाच करार वाढवला तर खेळाडू कमीत राजी होतो. थांबलात तर तो मोकळा होतो आणि दुसरा कुणी त्याला उचलतो. पण थांबलात तरच कळतं की त्याच्यात अजून किती उरलंय. घाई केली तर पस्तावा, उशीर केला तरी पस्तावा.

एका गोलंदाजाच्या बाबतीत माझे हात पोळले होते. चांगला चालला होता म्हणून हौसेने तीन वर्षं दिली, आणि सही झाल्यावर पुढच्याच महिन्यात त्याचे आकडे घसरायला लागले. हिरवे होते ते लाल. तीन वर्षं तो माझ्या संघात नुसता बसून होता आणि दीर फोनवर हसत होता. "वहिनी, तुम्ही संघ चालवता की वृद्धाश्रम?" मी फोन आपटला. पण शिकले. म्हातारपणी आधी पाय जातात. पळणं, वाकणं, पोचणं. मग हात. नजर सगळ्यात शेवटी जाते, आणि तीच फसवते. नजर शाबूत असते म्हणून माणूस स्वतःला अजून तसाच समजतो. तेव्हा मी नियम केला की आकडे उतरायच्या आधी माणूस सोडायचा, दया करायची नाही.

नियम केला आणि मला आमचे काका दिसायला लागले.

काका म्हणजे आमच्या वाडीतले नारळ उतरवणारे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या माडांवर तेच चढत आले. आता साठी केव्हाच उलटली आहे. पाहुणे यायच्या आधी नारळ उतरवावेच लागतात, नाहीतर कुणाच्या गाडीच्या काचेवर पडेल, कुणाच्या डोक्यात पडेल. मागच्या वर्षी काका माडावर चढताना मधेच थांबायला लागले होते. उतरल्यावर गुडघ्यावर हात ठेवून उभे राहायचे आणि मी बघतेय असं दिसलं की उगाच कोयता पुसायचे. नजर मात्र तीच. कुठला नारळ काढायचा आणि कुठला ठेवायचा हे खालून सांगायचे. गावात एक पोरगा यंत्र लावून चढतो, त्याने दोनदा विचारूनही ठेवलं होतं.

आमच्या घरची रीत अशी आहे की नारळी पौर्णिमेला काथ्याची नवी दोरी आणायची, पायात अडकवून चढतात ती. तिला हळदकुंकू लावायचं आणि ती नारळ उतरवणाऱ्याच्या हातात द्यायची. दिली की पुढचं वर्ष त्याचं. तोंडाने कुणी काही बोलत नाही. द्यायची नसेल तर चहा पाजायचा, पानात नारळीभात वाढायचा आणि इकडचं तिकडचं बोलायचं, समोरचा समजतो. पूजेची दोरी एकदा हातात पडली की ती परत करत नाहीत.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. आठवडाभर मनात घोकत होते. काका, आता आराम करा. काका, तुम्ही नुसते खाली उभे राहून त्या पोराला सांगा. दोरी नेहमीप्रमाणे यजमानांनी अलिबागहून आणून देवापाशी ठेवली होती, त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मग तू बोल त्यांच्याशी." बोलायचं मलाच होतं आणि त्याचीच भीती होती.

काका आले ते वेळेच्या आधीच आले. मी भाताला फोडणी देत होते. पडवीत आले पण बसले नाहीत. टोपी हातात, चेहरा पडलेला. "वैनी," म्हणाले आणि पुढे काही बोलेचनात. मला वाटलं, संपलं. काकांना कळलं. कुणीतरी त्या पोराचं कानावर घातलं. इतक्या वर्षांचा माणूस माझ्या दारात असा उभा, आणि मी त्याला भात वाढून घरी पाठवणार? माझा सगळा नियम फोडणीबरोबर जळाला. मी देवापाशी गेले, दोरी उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कपाळाला लावली आणि गेले. भातसुद्धा खाल्ला नाही.

दिवाळी जवळ आली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. शॉर्टस्टॉपचा करार मी वाढवला नव्हता, सोडलाही नव्हता. रोज त्याचे आकडे उघडून बसायचे. पळण्याचा एक आकडा उतरला की वाटायचं, आता काकांचं कसं. काका वाडीत आले की मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायचे, म्हणजे काही ऐकू यायला नको. चटणी इतकी बारीक व्हायची की पाहुणे विचारायचे, पाट्यावर वाटलीत का. मी हो म्हणायचे.

एक दिवस वीज गेली. मिक्सर बंद. नारळ पडल्याचे आवाज येत होते ते थांबले आणि बराच वेळ काही आलंच नाही. मी बाहेर धावले. काका विहिरीजवळच्या उंच माडावर अर्ध्यात थांबले होते. माडाला मिठी मारून, गाल खोडाला लावून. वर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची नसते, दचकतो. मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. एवढ्यात हातातला फोन वाजला. दिराचा निरोप होता: "वहिनी, म्हाताऱ्याचं काय ते आज ठरवा. उद्या मोकळा होतो तो." त्या क्षणी तो दीर समोर असता तर मी फोन त्याच्या डोक्यात घातला असता.

काका उतरले. एकेक पाय चाचपत, पायरी नसताना पायरी शोधत. खाली आल्यावर माडाच्या बुंध्याशी बसले. मी तांब्याभर पाणी दिलं, ते अर्धं शर्टावर सांडलं. या वेळी त्यांनी कोयता पुसला नाही.

मला रडूच फुटलं. एवढे महिने जे चांगल्या शब्दांत बसवत होते त्यातलं काहीच आठवेना. "काका," मी म्हटलं, "तुम्ही वर असलात की मला फार भीती वाटते हो."

ते पायातली दोरी सोडवत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मला बी वाटते. दोन वर्सं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायलाच आलो व्हतो पुनवेला. यंदापासून न्हाय जमायचं, म्हनून. तोंडातून शब्द निघंना, आनि तेवढ्यात तुमी दोरी हातात ठेवलीत."